तलवारीमागचा झारा

झाशीच्या आसपास जे काही आहे ते सृष्टीच्या आरंभापासून आहे. तलाव, दगडाच्या खाणी, हातमाग, बुंदेली लग्नगीतं, सगळं. हा शोध विद्यापीठाचा आहे. निवृत्तीनंतर मी तिथे शिकवायला गेलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात जेवढे प्रबंध चाळले त्यांची सुरुवात याच वाक्याने होत होती. पंकज साहू नावाचा विद्यार्थी आपल्या गावच्या तलावात गाळ कसा साचत गेला यावर काम करत होता. विषय उत्तम होता. पहिलं वाक्य असं होतं : "सृष्टि के आरंभ से ही मानव जीवन में जल का अत्यंत महत्वपूर्ण स्थान रहा है।"

"आरंभ में आप थे?" मी विचारलं.

"नहीं, सर।"

"गाइड साहब?"

पंकज हसला नाही. तो विचारात पडला. "उनका तो पता नहीं, सर।"

विभागाचं नाव क्षेत्र-अध्ययन. बाहेरच्या वाचकासाठी सांगायचं तर एकच प्रदेश घ्यायचा आणि त्याचा इतिहास, भाषा, शेती, गाणी, बाजार असं सगळं एकत्र अभ्यासायचं. आमच्या विभागाचा प्रदेश बुंदेलखंड. तो सगळ्या बाजूंनी पाहिला जाई. जवळ जाऊन पाहण्याची पद्धत मात्र नव्हती. बाहेरगावचे परीक्षक प्रत्येक अहवालात "लेखनकौशल्य सुधारण्यास वाव" असं लिहीत. त्याला कंटाळून विभागप्रमुखांनी एक तासिका सुरू केली आणि ती शिकवायला मला बोलावलं. माझी पात्रता एवढीच, की मी झाशीच्या एका हिंदी दैनिकात नोकरीभर लोकांची वाक्यं कापली होती. घरात मराठी आणि नोकरी हिंदीत, असं इथल्या मराठी माणसाचं ठरलेलं असतं. पेशव्यांच्या काळात शिपाई, कारकून, भटजी म्हणून आलेल्यांचे वंशज आम्ही. देवाशी मराठीत बोलतो, बाकी सगळ्यांशी हिंदीत.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर शिकण्यासारखं फारसं काही नसतं. दोन प्रश्न असतात. कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? तालुक्याचा वार्ताहर फोन करतो : गावात बिबट्या आला. कोणी सांगितलं? शेळीवाल्याने. त्याने बिबट्या पाहिला? नाही, त्याची शेळी दिसत नाही. म्हणजे बातमी अशी, की शेळी बेपत्ता आहे. बिबट्या वार्ताहराचा. हे ज्याला कळलं तो उपसंपादक झाला, ज्याला नाही कळलं त्याला बढती मिळाली.

विद्यापीठात मी हेच रंगीत पेन्सिलींनी शिकवलं. स्वतः पाहिलेलं असेल त्या वाक्याखाली निळी रेघ. कोणाकडून ऐकलेलं किंवा कुठे वाचलेलं असेल तर हिरवी, आणि कोणाकडून ते समासात लिहायचं. स्वतः काढलेलं अनुमान असेल तर लाल. शोधलेखन म्हणजे या तीन रेघा एकमेकींत मिसळू न देणं. बाकी सगळं शोभेचं. पहिल्या दिवशी पंकजने आपलं पान आणून दाखवलं. सगळं लाल होतं. निळी रेघ एकाच ठिकाणी होती, पृष्ठक्रमांकाखाली.

प्रबंधातला सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला भाग म्हणजे ऋणनिर्देश. तो आधी लिहितात, काही जण विषय ठरण्याच्याही आधी. त्यात नावांचा क्रम चुकला तर वर्ष वाया जाऊ शकतं, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांना दाखवून घेतात. कुलगुरू, विभागप्रमुख, गाइड, गाइडच्या पत्नी ("जिन्होंने समय-समय पर चाय और मातृवत स्नेह दिया"), मग आईवडील. एका प्रबंधात निष्कर्ष पाऊण पानाचे होते आणि ऋणनिर्देश सहा पानांचा. मी लेखिकेला विचारलं की निष्कर्ष एवढे लहान का. ती म्हणाली, "सर, निष्कर्ष में किसी का नाम नहीं लेना होता न।"

मग नक्कल. विद्यापीठाने नक्कल पकडणारं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते शब्द जुळवून पाहतं. विद्यार्थ्यांनी त्यावर उपाय काढला : उतारा तोच ठेवायचा, शब्द बदलायचे. या पद्धतीने झाशीचं रेल्वे जंक्शन "लौहपथ संगम" झालं, पाण्याची टाकी "जलपात्र" झाली आणि काळा बाजार "श्याम हाट". सॉफ्टवेअरने प्रबंध स्वच्छ असल्याचं सांगितलं. श्याम हाट कुठे भरतो, असं मी विचारल्यावर विद्यार्थ्याने खिडकीतून ओरछा गेटच्या दिशेला हात केला. अलीकडे हीही मेहनत राहिलेली नाही. मोबाइलवर यंत्राला विषय सांगितला की प्रकरण तयार. त्या प्रकरणात बुंदेलखंड नेहमी "परंपरा और आधुनिकता का अनूठा संगम" असतो. चुका नसतात. माणसंही नसतात. गाइड लोकांना हे प्रबंध आवडतात, कारण त्यांत हरकत घ्यावी असं काहीच सापडत नाही.

केतकी टेंबे या वर्गात आली ती पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात. खंडेराव गेटजवळच्या गल्लीत त्यांचं घर. वडील केशवराव बँकेतून निवृत्त झालेले आणि मराठी मंडळाचे सचिव. विषय होता झाशीतल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी. एका महाविद्यालयात शिकवण्याची तात्पुरती जागा तिला मिळाली होती आणि ती टिकायला डिग्री लागत होती. सगळं लिहून झालं होतं. उरली होती फक्त गाइडची सही.

तिच्या दुसऱ्या प्रकरणात वाक्य होतं, की झाशीत आलेली मराठी कुटुंबं ही सरदार घराणी होती.

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"सगळेच सांगतात, काका. ज्या घरात गेले त्या घरात."

"एकाही घरात शिपाई नाही?"

"नाही."

"कारकून?"

"नाही. सगळे सरदार."

"मग घोड्यांना दाणा कोण घालत होतं?"

केतकी हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. मी एवढंच सांगितलं, की "सगळे सांगतात" असं लिही, हिरवी रेघ मार आणि पुढे जा. तिने ते केलं असतं तर काम संपलं होतं. ती पुन्हा त्या सगळ्या घरांत गेली आणि दुसरा प्रश्न विचारून आली. तुम्हाला कसं कळलं? पहिल्या फेरीत प्रत्येक घरात चहा आणि चकली मिळाली होती. दुसऱ्या फेरीत पाणी मिळालं. बहुतेकांचं उत्तर एकच होतं : तलवार आहे ना घरात.

तलवार खरंच आहे. इथल्या मराठी घरांत खंडेनवमीला पाट मांडून तलवारीची पूजा होते. केतकी त्या दिवशी मोबाइल घेऊन घरोघरी फिरली आणि पाटांचे फोटो काढून आली. तासिकेला तिने ते मांडले. मी तलवारी पाहत होतो. तिने त्यांच्या मागे बोट ठेवलं.

खंडेनवमीला पूजा शस्त्रांचीही होते आणि ज्याच्या हातात जे हत्यार त्याचीही. सुताराच्या घरी रंधा, शिंप्याच्या घरी कात्री. फोटोंत तलवार पुढे होती, तिला झेंडूची माळ होती. मागे, बहुधा फडक्याखाली, आणखी काहीतरी होतं, त्याला नुसतं हळदकुंकू. एका घरी तराजूचं पारडं. एका घरी घोड्याचा खरारा. एका घरी अडकित्त्याएवढी कसली तरी कात्री, जिचा उपयोग घरात कोणालाच माहीत नव्हता. विचारलं तर उत्तर : "प्रथा आहे, बेटा. सासूबाई ठेवायच्या." तलवारीबद्दल प्रत्येकाला खूप माहिती होती. मागच्या वस्तूबद्दल कोणालाच काही नव्हती, तरीही एकाही घराने ती पाटावरून काढली नव्हती.

फोटोंत आमचंही घर होतं. आमच्या तलवारीमागे दौत आहे. म्हणजे कारकून. वर्तमानपत्रात जाऊन मी घराण्यात नवीन काही केलं नाही.

टेंब्यांच्या पाटावर पितळी झारा होता. लांब दांड्याचा, मोठ्या भोकांचा, हजार माणसांच्या पंगतीची बुंदी पाडायचा.

केतकीने प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते मी नोकरीत वाचलेल्या कोणत्याही मजकुरापेक्षा स्वच्छ होतं. पाटावर काय दिसलं ते एका परिच्छेदात. घरच्यांनी काय सांगितलं ते दुसऱ्यात. तिसऱ्यात अनुमान, आणि तेही हात राखून : मागची वस्तू हे पूर्वजांच्या कामाचं हत्यार असावं, तसं असेल तर ही कुटुंबं कारकुनांची, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांची, आचाऱ्यांची असण्याचा संभव आहे, हे सिद्ध झालेलं नाही. पहिलं उदाहरण तिने स्वतःच्या घराचं दिलं होतं.

गाइड होते डॉ. दुबे. सज्जन माणूस, वाद टाळण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"संपादक जी, ये क्या सिखा दिया लड़की को? मराठी समाज बुरा मान जाएगा।"

"इसमें गलत क्या है?"

"गलत कुछ नहीं है। यही तो दिक्कत है।" त्यांनी प्रबंध मिटला. विभागाच्या चर्चासत्रांना मराठी मंडळाचं सभागृह फुकट मिळतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. "टेंबे जी मंडल के सचिव हैं। वो हाँ कह दें, मैं आज साइन कर दूँ। नहीं तो ये चैप्टर निकालिए।"

म्हणजे सही आता वडिलांच्या हातात होती. प्रकरण काढलं तर उरलेला प्रबंध म्हणजे सरदारांची यादी. ठेवलं तर सही नाही, डिग्री नाही, जागाही गेली. केतकी म्हणाली, "काका, रविवारी घरी या. मी एकटी बोलले तर बाबा ओरडतील. तुमच्यासमोर ओरडायचं असेल तर आधी चहा तरी विचारावा लागेल त्यांना."

रविवारी गेलो. केशवराव स्वयंपाकघरात होते. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाची बुंदी तेच पाडतात. हा त्यांचा छंद असल्याचं ते सांगतात. संध्याकाळी मंडळाची बैठक होती. कढईवर झारा धरून ते पीठ ओतत होते आणि दांड्यावर थापटी मारत होते. बुंदी एकसारखी, मोत्यासारखी पडत होती. मी दारात उभा राहिलो.

"या, संपादक," ते मागे न वळता म्हणाले. "पोरीला पढवून झालं? आता बापाला पढवायला आलात?"

"मी बुंदी खायला आलोय."

"झाऱ्यावर पीएच.डी.! लोक चंद्रावर जातायत, आमची कन्या झाऱ्यावर. मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. आत्तापर्यंत टेंबे सरदार, सोमवारपासून टेंबे हलवाई."

"बाबा, एक विचारू?" केतकी म्हणाली.

"विचार. तुझा धंदाच झालाय तो."

"तलवार कोणी आणली?"

केशवरावांनी झारा झटकला. "मी."

"कुठून?"

"बिजौलीहून. लग्नात नवरदेवाला देतात ना तसल्या बनवतो तिथे एक कारखानेवाला. मग? सगळ्यांनीच तिथून आणल्यात. मी एकट्याने नाही."

"आजोबांच्या वेळी पाटावर काय असायचं?"

केशवरावांनी गॅस बारीक केला.

"झारा," ते म्हणाले.

"नुसता?"

"नुसता. मला लाज वाटायची. शाळेतली पोरं यायची प्रसाद घ्यायला. म्हणायची, टेंबे, तुम्हारे यहाँ कढ़ाई की भी पूजा होती है क्या?" त्यांनी बुंदीचा घाणा काढून परातीत टाकला. "म्हणून नोकरी लागल्यावर पहिली तलवार आणली."

"मग झारा मागे का ठेवला? काढून का नाही टाकलात?"

"काढून कसा टाकणार? माझे आजोबा म्हणाले होते, यावर घर चाललंय."

हे त्यांनी स्वतःच म्हटलं आणि स्वतःच ऐकलं. पुढचा घाणा थोडा करपला. मग ते मराठी सोडून हिंदीत शिरले, जसे आमच्याकडचे लोक व्यवहाराचं बोलायला लागले की शिरतात.

"ठीक है। दुबे जी को बोल देना, मेरी तरफ से हाँ। लेकिन आचारी नहीं लिखना। लिखो, मुदपाकखाने के प्रमुख।"

"प्रमुख कोणी सांगितलं, बाबा?"

"अगं, एवढं तर दे बापाला!"

"नाही देता येत."

केशवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुंदीकडे पाहिलं. शेवटी प्रबंधात गेलं ते असं : 'कुटुंब में झारे की पूजा होती है। कुटुंब के वरिष्ठ सदस्य के अनुसार उनके दादा कहते थे कि इसी पर घर चला है।' एक निळं वाक्य, एक हिरवं. लाल तिने इथे घातलंच नाही. आवश्यकता नव्हती.

दुबेंनी सही केली. मौखिक परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. त्यांनी फक्त त्या एका प्रकरणावर प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तराला मान हलवली. केतकीला डिग्री मिळाली, जागाही टिकली. पंकजचा प्रबंध त्याच सुमारास गेला. त्याने सृष्टीचा आरंभ काढून टाकला होता. गाइडने तो पुन्हा घातला. त्याला नोकरी लागली एका कोचिंग क्लासमध्ये, जिथे तो निबंधाची सुरुवात कशी करावी ते शिकवतो. मला विचारलंत तर सगळ्या नोकरीत पंकजची ही एवढी एकच गोष्ट अशी आहे जी मला पुन्हा, वेगळी लिहायला आवडली असती.

इथे थांबता आलं असतं. पण मी ज्या दैनिकात होतो त्यात महिनाभराने बातमी आली : "शोध में खुलासा, झांसी में था शाही मुदपाकखाना, मराठा परिवार थे राजरसोई के प्रमुख". डेस्कवरच्या नव्या मुलाला मी फोन केला.

"कोणी सांगितलं?"

"सर, थीसिस में है।"

"थीसिस वाचलीस?"

"नहीं सर। टेंबे जी ने बताया।"

मंडळाने केतकीचा सत्कार केला. भाषणात अध्यक्ष म्हणाले, की तलवार कोणीही चालवतो, राजाला विष न देता जेवू घालणं हे खरं शौर्य. टाळ्या झाल्या. श्रोत्यांमध्ये तराजूवाले होते, खराऱ्यावाले होते. सगळे विचारात पडलेले दिसत होते. त्यानंतर शहरात जो भेटे तो आपल्या पणजोबांच्या हातच्या पुरणाबद्दल बोले. झाशीत आता इतके शाही आचारी झाले आहेत, की जेवायला कोण होतं हा प्रश्न मी पुढच्या वर्गाला नेमून दिला आहे.

पुढच्या खंडेनवमीला केतकी पुन्हा फोटो काढायला निघाली. मीही गेलो. टेंब्यांच्या पाटावर झारा पुढे आला होता आणि झेंडूची माळ त्याला होती. ते मला योग्यच वाटलं. मग आम्ही पुढच्या घरी गेलो, जिथे आदल्या वर्षी तलवारीमागे पारडं होतं. पारडं नव्हतं. तलवार मागे सरकली होती, आणि पुढे एक झारा, स्टीलचा, दांड्यावर बिजौलीच्या कारखान्याची चिकटवलेली चिठ्ठी तशीच.

"काकू, हा गेल्या वर्षी नव्हता," केतकी म्हणाली.

"पूर्वापार आहे, बेटा."

"कोणी सांगितलं?"

काकूंना प्रश्नाचं नवल वाटलं. त्यांनी आम्हाला चहा दिला, चकलीही दिली.

"असं काय करतेस? तुझ्याच प्रबंधात आहे ना."

केतकीने वही काढली, ते वाक्य उतरून घेतलं आणि त्याखाली हिरवी रेघ मारली.